कालिंदीताईंची ड्युटी

"ताई, तुमच्या प्रत्येक वाक्यावर अक्षता पडतायत."

हेडफोनमधून पोतदारांचा आवाज आला, तसं मी कागदावरून डोकं वर केलं. काचेपलीकडे ते मशीनसमोर बसले होते आणि चेहरा अगदी गंभीर होता.

"म्हणजे?"

"म्हणजे मंगलाष्टक चाललंय असं वाटतंय. वाक्य संपलं की तुम्ही बरोब्बर 'सा'वर येऊन बसताय. 'बाळाला वरण-भात मऊ कुस्करून द्या', की झालं, सावधान! आता वाजंत्री कुठायत म्हणून बघावं लागतंय मला."

त्यांच्या मागच्या सोफ्यावर बसलेल्या देवयानी मॅडम हसल्या. त्यांच्या शेजारी कालिंदीताई होत्या, त्या हसल्या नाहीत. गळ्याभोवती गुंडाळलेला फिकट निळा स्कार्फ त्यांनी जरा सारखा केला आणि पुन्हा माझ्याकडे बघत राहिल्या.

"पुन्हा घेऊ," मी म्हटलं.

सांगलीत गणपती पेठेच्या मागे, सायकलच्या दुकानाच्या वर पोतदारांचा स्टुडिओ होता. पूर्वी ते लग्नाच्या ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवायचे. रेकॉर्डिंगच्या खोलीच्या भिंतींना त्यांनी अंड्यांचे ट्रे आणि जुन्या गाद्या लावल्या होत्या. पंख्याचा आवाज येतो म्हणून रेकॉर्डिंग सुरू झालं की पंखा बंद. गाद्यांना सगळ्यांचा जुना घाम लागलेला. मी आत शिरून तास झाला असेल आणि माझ्या तोंडून एक वाक्य धड निघालं नव्हतं.

खरं तर आवाज हाच माझा सगळा पसारा होता. मिरजेला गुरुजींकडे मी दहावीपासून गाणं शिकले. नंतर तासगावच्या बाजूला एका शाळेत संगीत आणि मराठी शिकवायला लागले. आणि शनिवार-रविवार आकाशवाणीवर नैमित्तिक उद्घोषक म्हणून जायचे. गाणं, शाळा आणि रेडिओ, असे तीन आवाज जवळ असताना चौथा कशाला अवघड जाईल, असं मला वाटलं होतं. त्या दिवशी ते तिन्ही आवाज एकमेकांच्या पायात पाय घालत होते. गाणं मला 'सा'वर नेऊन बसवत होतं. तिथून सुटले, की शाळा आडवी यायची.

"आता काय झालं माहितीय का?" पोतदार म्हणाले. "'हात धुऊन मगच भरवा' म्हणून तुम्ही थांबलात. कशासाठी थांबलात?"

मी विचार केला. "वर्ग 'होऽ बाई' म्हणेल म्हणून."

"इथं वर्ग नाही ओ. इथं एकच बाई आहे. तिच्या कडेवर पोर आहे आणि फोन खांद्यात धरलाय तिनं."

पोतदार सांगत होते ती बाई मला चांगलीच माहीत होती, कारण ती मीच होते.

जुई झाली तेव्हा दवाखान्यातल्या नर्सने माझा फोन नंबर देवयानी मॅडमच्या पुण्यातल्या संस्थेकडे नोंदवला होता. दर आठवड्याला, बाळ जेवढं असेल तेवढ्या वयाचा सल्ला देणारा एक फोन यायचा. उचलला की रेकॉर्ड केलेला आवाज बोलायचा. पहिला फोन आला तेव्हा मी माहेरच्या बाजेवर होते, टाक्यांना ओढ बसत होती आणि जुई छातीला लागत नव्हती. फोनमधला आवाज म्हणाला, "नमस्कार ताई. मी कालिंदी बोलतेय. रडू येत असेल तर रडून घ्या. बाळंतिणीला रडू येतंच."

मी रडले, आणि रडता रडता हसायलाही लागले. कारण हा आवाज मी कुठेही ओळखला असता. आकाशवाणीवर मला माइकसमोर बसायला शिकवलं ते ह्याच कालिंदीताईंनी. माझी ड्युटी त्यांच्यानंतर असायची. उठताना त्या कानावरचा हेडफोन काढायच्या, पदराने दोन्ही बाजू स्वच्छ पुसायच्या आणि मग माझ्या हातात द्यायच्या. त्याआधी माइकवर सांगायच्या, "यानंतर आपल्या सोबत असेल विभावरी." येणारीचं नाव घेतल्याशिवाय त्या कधी उठल्या नाहीत. एकदा माझी बस पंक्चर झाली आणि मी कितीतरी उशिरा पोचले. त्या तशाच बसून होत्या, उपाशी. मी माफी मागायला लागले तर म्हणाल्या, "अगं, रिकाम्या खुर्चीला माइक देऊन कसं जायचं?"

तर असे ते फोन जुई नऊ महिन्यांची होईपर्यंत आले आणि मग बंद झाले. मला वाटलं माझाच नंबर यादीतून गळला. मग एक दिवस पोतदारांचा फोन आला आणि कळलं, की कालिंदीताईंच्या गळ्याचं ऑपरेशन झालं. स्वरयंत्रच काढावं लागलं. नऊ महिन्यांपर्यंतचे निरोप रेकॉर्ड झालेत, पुढचे दोन वर्षांपर्यंतचे राहिलेत. ते कोणीतरी पुरे करायला हवेत.

"तुमचं नाव त्यांनीच लिहून दिलंय," पोतदार म्हणाले होते.

मला ते काम हवं होतं. हावरटासारखं हवं होतं. रजा संपली होती आणि हेडमास्तरांनी फोनवर स्पष्ट सांगितलं होतं, "सोमवारी हजर व्हा, नाहीतर आम्हाला दुसऱ्या बाई बघाव्या लागतील." शाळा म्हणजे उजाडता निघायचं आणि दिवेलागणीला परत यायचं. जुई अजून अंगावर पीत होती. सासूबाईंचे गुडघे दुखायचे, रांगणाऱ्या पोरीमागे त्या किती धावणार? निरंजन नोकरीसाठी चिपळूणला, यायचा तो महिन्यातून दोनदा, तोही धुण्याचे कपडे घेऊन. हे निरोप मिळाले, तर आठवड्यातले थोडे दिवस, थोडे तास एवढंच. आणि आवाज राहिला असता. कारण गाण्यातला माझा वरचा 'सा' बाळंतपणात गेला होता, आणि शाळेत परत गेले असते तर उरलेला वर्गावर ओरडण्यात गेला असता.

म्हणून त्या दिवशी रात्रभर जागलेली मी, जुईला आणि सासूबाईंना रिक्षात घालून पोतदारांच्या जिन्यावरून वर आले होते. त्या दोघी बाहेरच्या खोलीत होत्या. माझं अंग इतकं जड झालं होतं, की माइकसमोर उभं राहायचं सोडून त्या गाद्यांनाच टेकून डोळे मिटावेत असं वाटत होतं.

"असं करूया," पोतदार म्हणाले. "ताईंचा शेवटचा निरोप तुमच्या कानात वाजवतो. नुसता ऐका."

कानात कालिंदीताई बोलल्या. "ताई, बाळ आता नऊ महिन्यांचं झालं. तुम्हालाही आई होऊन नऊच महिने झालेत, हे विसरू नका."

काचेपलीकडे त्या बसल्या होत्या आणि कानात त्यांचा आवाज होता. मी काचेकडे बघायचं टाळलं.

"पुन्हा वाजवा," मी म्हटलं. मग पुन्हा. गुरुजींनी बंदिश शिकवली की मी ऐकायची तसं ऐकायला लागले. वाक्य कुठल्या सुरावर सुरू होतंय, श्वास कुठे आहे. त्या खाली, माझ्यापेक्षा बऱ्याच खाली बोलायच्या. आणि वाक्य संपवायच्याच नाहीत. शेवटचा शब्द जरासा उघडा ठेवायच्या, पलीकडची बाई आता 'हं' म्हणेल इतका. मला एकदम गुरुजी आठवले. जुई झाल्यावर पहिल्यांदा गायला बसले होते, तेव्हा ते म्हणाले होते, "वरचं गेलं खरं. पण खाली बघ की गं, हा खर्ज तुझ्याकडं कधी नव्हता."

मी तोच खालचा आवाज काढला. तानपुरा नव्हता. कालिंदीताईंचं वाक्यच तानपुऱ्यासारखं कानात धरलं आणि बोलले.

"नमस्कार ताई. मी कालिंदी बोलतेय."

देवयानी मॅडम सोफ्यावरून उठल्याच. "हेच! अगदी त्याच!"

आणि कालिंदीताईंनी हात वर केला. आडवा तळवा गळ्यावरून, त्या निळ्या स्कार्फवरून, डावीकडून उजवीकडे फिरवला.

रेडिओतल्या खुणा मला पाठ होत्या. बोट गोल फिरवलं तर आटप. दोन हातांनी रबर ताणल्यासारखं केलं तर लांबव, अजून वेळ आहे. गळ्यावरून हात म्हणजे बंद. काचेमागे सगळेच मुके असतात, म्हणून ह्या खुणा. पण त्यांच्या गळ्यावरून तो हात फिरताना बघून पोतदारांनी मान खाली घातली.

"काय चुकलं?" मी विचारलं.

त्यांनी बोटाने खूण केली. पुन्हा.

"नमस्कार ताई. मी कालिंदी बोलतेय."

हात गळ्यावरून फिरला.

मी श्वास बदलला. 'नमस्कार' जरा सावकाश घेतला. पाणी प्यायले. प्रत्येक वेळी मी त्यांच्या अधिक जवळ जात होते, हे मला माझ्या कानाने कळत होतं. मॅडमनाही कळत होतं. आणि प्रत्येक वेळी तिथेच, पहिल्या दोन वाक्यांवरच, तो हात फिरत होता. पुढे जाऊच देत नव्हत्या.

"ताई, मला तर डिट्टो वाटतोय," मॅडम त्यांना म्हणाल्या. बोलण्याचं बटण पोतदारांच्या बोटाखाली राहिलं होतं म्हणून मला ऐकू येत होतं. "काय हवंय तुम्हाला? ह्यावर लिहिता का?" त्यांनी कागद पुढे केला.

कालिंदीताईंनी तो हळूच बाजूला सारला. नजर काढली नाही माझ्यावरून.

"हे बघा, रविवारपासून कॉल जायलाच हवेत," मॅडम आता माझ्याशी बोलायला लागल्या. बाई वाईट नव्हती, पुण्याहून पहाटे निघून आली होती आणि थकली होती. "बायकांचा ह्या आवाजावर विश्वास आहे. कालिंदीताईंनी सांगितलं म्हणून सासूशी भांडून बाळाला अंडं भरवलं, असं सांगतात मला. आवाज बदलला तर फोन ठेवून देतील. आपल्याला हा आवाज थांबू द्यायचा नाहीये, विभावरी."

"मी प्रयत्न करतेय मॅडम."

"नमस्कार ताई. मी कालिंदी बोलतेय."

हात फिरला.

मला वाटलं, त्यांना सहन होत नाहीये. आपला आवाज दुसरीच्या तोंडून निघतोय हे कोणाला सहन होईल? मग नाव तरी कशाला सुचवलंत माझं? मला इथे उभं करून, रात्रभर जागलेल्या बाईला, परत परत तोडायला?

तेवढ्यात छाती भरून आली आणि ब्लाउज ओला झाला. त्या खोलीचं दार बंद असलं की बाहेरचं काही ऐकू येत नाही. पण मला कळलं, जुई रडतेय.

"जरा थांबू या," पोतदार म्हणाले. "पंखा लावतो. चहा सांगतो."

बाहेरच्या खोलीत कापडाने झाकलेले कीबोर्ड आणि ढोल रचून ठेवले होते. त्यांच्यामध्ये सतरंजीवर सासूबाई जुईला घेऊन बसल्या होत्या. पोरगी लालेलाल झाली होती.

"अगं किती वेळ! मी तिला सगळी गाणी म्हणून दाखवली, आरतीसुद्धा झाली," सासूबाई म्हणाल्या. मी जुईला घेतलं आणि भिंतीला टेकून बसले. ती गटागट प्यायला लागली. माझे डोळे मिटायला लागले.

"झालं का काम?"

"कसलं काम, आई. पहिल्या ओळीच्या पुढे जाऊ देत नाहीयेत कालिंदीताई."

"जळते काय गं ती तुझ्यावर?"

"हळू."

"हळू काय? आवाज गेला बिचारीचा, मला काय वाईट वाटत नाही? पण म्हणून तू का..."

त्या एकदम गप्प झाल्या. दारात कालिंदीताई उभ्या होत्या. सगळं ऐकलं होतं त्यांनी. सासूबाईंनी गुडघ्यावर हात ठेवून कसंबसं उठायला सुरुवात केली. "चहा कुठवर आलाय बघते," म्हणाल्या आणि त्यांच्याकडे न बघता बाहेर गेल्या.

कालिंदीताई सतरंजीवर माझ्यासमोर बसल्या. जवळून त्यांचा श्वास ऐकू येत होता, स्कार्फच्या आतून, बारीक शिट्टीसारखा. जुईने पिणं थांबवून मान वळवली आणि त्या आवाजाकडे बघितलं. मग पुन्हा प्यायला लागली.

मी थकलेली होते, म्हणून बोलून गेले.

"ताई, माझा आवाज नको असेल तर सांगा ना सरळ. मी निघून जाते. सोमवारी शाळा आहे माझी. उगाच आशेला लावू नका."

त्यांनी मान हलवली. नाही. हात पुढे करून माझ्या गालाला लावला आणि बोटाने दाखवलं, चांगला आहे. मग तीच खूण, गळ्यावरून हात. पण ह्या वेळी हात फिरवायच्या आधी त्यांनी ओठांनी शब्द केले, सावकाश. *मी कालिंदी.* आणि मग हात फिरवला.

मी बघत राहिले.

त्यांनी स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं. दुसऱ्या हाताने हवेत एक पट्टी धरल्यासारखं करून हळूहळू खाली ओढली. आवाज कमी करायची मशीनवरची पट्टी. अगदी तळापर्यंत नेली. मग बोट माझ्याकडे वळवलं आणि तीच पट्टी तितक्याच सावकाश वर नेली.

शेवटी मला कळलं. माझा आवाज नाही, त्या नाव तोडत होत्या.

"पण ताई, त्यांना तुमचंच नाव हवंय. बायका फोन ठेवतील म्हणतात. मी माझं नाव घेतलं तर हे काम जाईल माझं."

खिडकीतून खालच्या दुकानातला सायकलची चाकं फिरवून बघण्याचा आवाज येत होता. जुईचा एक पाय माझ्या मांडीवरून सुटून हवेत हलत होता. कालिंदीताईंनी तो तळहातात धरला.

मग माझ्याकडे बघून त्यांनी ओठांनी एकच शब्द केला. काचेमागचे ओठ वाचायची मला सवय होती, त्यात चूक होणं शक्य नव्हतं.

*थकले.*

बस पंक्चर झाली होती तो दिवस मला आठवला. मी धापा टाकत पोचले तेव्हाचा त्यांचा चेहरा. रिकाम्या खुर्चीला माइक देऊन कसं जायचं. इथे गळा कापून झाला होता, आवाज गेला होता आणि तरी त्यांच्या नावाचा फोन जिल्ह्यातल्या हजारो घरांत वाजत होता, पुढेही वाजणार होता. आता माझ्या तोंडून. त्यांना उठूच देत नव्हतो आम्ही.

जुई झोपली. मी तिला सतरंजीवर ठेवलं, उशीसारखं तिचं दुपटं लावलं. कालिंदीताई तिच्याजवळ बसून राहतील असं मला वाटलं, पण सासूबाई चहाचे कप घेऊन आल्या तशा त्या माझ्याबरोबर उठल्या.

"मॅडम," मी आत जाऊन म्हटलं, "पहिलं वाक्य मी बदलतेय."

"काय बदलताय?"

"माझं नाव सांगणार आहे."

देवयानी मॅडमनी कालिंदीताईंकडे बघितलं, मग माझ्याकडे. "अहो, आत्ता समजावलं मी तुम्हाला. असं असेल तर मला वेगळा विचार करावा लागेल."

"करा."

हे मी धीटपणाने म्हटलं नाही. माझ्यात धीट व्हायचीसुद्धा ताकद उरली नव्हती. एवढंच होतं, की आता त्या काचेतून मी 'मी कालिंदी' म्हणू शकले नसते.

"एक टेक घेऊन तर बघू की मॅडम," पोतदार म्हणाले. "ह्यांनी पुण्याहून येताना पेट्रोल जाळलंय, मी पंखा बंद करून घाम जाळलाय. एकानं काय होतंय?"

पंखा थांबला. मी कागद उलटा करून ठेवला. ही ओळ त्यावर नव्हती. कानात काही वाजवायला सांगितलं नाही. काचेपलीकडे कालिंदीताई सोफ्यावर बसल्या नव्हत्या, पोतदारांच्या खुर्चीमागे उभ्या होत्या.

"नमस्कार ताई. मी विभावरी. आजवर कालिंदीताई तुमच्याशी बोलत होत्या, त्यांची ड्युटी आता संपली. त्या निवांत घरी बसल्यात. जाताना त्यांनी मला तुमच्याजवळ बसायला सांगितलंय. माझी मुलगी तुमच्या बाळाच्याच वयाची आहे. आत्ताच झोपलीय..."

माझं लक्ष त्यांच्या हातांकडे होतं. हात वर आला, आणि माझं वाक्य अडखळणार इतक्यात दुसराही वर आला. दोन्ही हात एकमेकांपासून सावकाश दूर गेले, रबर ताणल्यासारखे. बोल. अजून वेळ आहे.

मी बोलत राहिले. दहाव्या महिन्याचा निरोप पुरा केला. दात येताना काय द्यायचं, उंबऱ्याजवळ काय ठेवायचं नाही, सगळं. मग शेवटचे दोन शब्द उघडे ठेवून थांबले. 'सा'वर नाही बसले.

पोतदारांनी लाल दिवा घालवला. मग मॅडम म्हणाल्या, "आवाज चांगलाय. पण ऑफिसला विचारल्याशिवाय मी काही सांगू शकत नाही. पोतदार, ते आधीचे टेक असतील ना? कालिंदीताईंच्या नावाचे? तेही पाठवा. जोडता येईल."

पोतदारांनी मशीनकडे निरखून बघितलं. "आधीचे? अरेच्चा. ते पुसले गेले वाटतं."

"सगळे?"

"कॉम्प्युटर जुनाय ओ मॅडम. काय सांगायचं."

दार उघडलं आणि कालिंदीताई रेकॉर्डिंगच्या खोलीत आल्या. मी हेडफोन काढून माइकच्या दांड्याला अडकवत होते. त्यांनी तो माझ्या हातातून घेतला. पदराचं टोक धरून आधी डावी बाजू पुसली, मग उजवी. माझ्या घामाने ओला झालेला तो हेडफोन त्यांनी नीट, कडेकडेने पुसला, जसा पूर्वी स्वतःचा पुसायच्या. मग माझ्या हातात दिला. नाव घ्यायला आवाज नव्हता, पण ओठ हलले. चार अक्षरं.

त्या जिना उतरायला लागल्या तेव्हा सासूबाई वरून म्हणाल्या, "सांभाळून हो ताई, पायऱ्या उंच आहेत." एवढंच त्यांना जमलं. कालिंदीताईंनी वर बघून हात केला.

हे लिहितेय तेव्हा जुई शाळेत गेलीय आणि धाकटा पाळण्यात आहे. तो उठला की लिहिणं थांबेल, म्हणून राहिलेलं पटकन सांगते.

शुक्रवार गेला, शनिवार गेला, मॅडमचा फोन आला नाही. मी हेडमास्तरांना कळवलं, येते म्हणून. रविवारी दुपारी सासूबाई देवळात भजनाला गेल्या होत्या. जुई कधी नव्हे ती गाढ झोपली होती. मी शाळेची साडी काढली, पांढरी, हिरव्या काठाची, आम्हा सगळ्या बायकांची तीच. नऊ महिने घडीत पडून तिला चुण्या पडल्या होत्या. जमिनीवर चादर अंथरून इस्त्री करायला बसले. एकेक काठ दाबून काढताना मान दुखत होती आणि डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होत होतं.

फोन वाजला. मी जुई उठेल म्हणून झडप घालून उचलला आणि खांद्यात धरला, एका हातात इस्त्री तशीच.

"नमस्कार ताई," फोन म्हणाला. "मी विभावरी."

स्वतःचा आवाज असा कानाला लागून कधी ऐकला नव्हता. खाली, जरासा घसा बसल्यासारखा. दमलेल्या बाईचा आवाज. ती सांगत होती की कालिंदीताईंची ड्युटी आता संपली. तिची मुलगी माझ्या बाळाच्याच वयाची आहे, म्हणत होती. दाताचं सांगितलं, उंबऱ्याचं सांगितलं. मी ऐकत राहिले. मध्ये एकदा 'हं' म्हटलं, मला कळलंसुद्धा नाही.

शेवटी ती म्हणाली, "बाळ झोपलंय ना ताई? मग हातातलं राहू द्या. घरातलं काम कुठे पळून जात नाही. तुम्हीही जरा पडा..."

मी इस्त्रीचं बटण बंद केलं. साडी अर्धीच झाली होती. ती तशीच चादरीवर पसरलेली सोडून मी जुईच्या कुशीला आडवी झाले, आणि झोपले.